तिकिटाची हद्द : क्वेट्टा शहर आणि त्याची महसुली तिकिटे

टपाल तिकिटांचा संग्रह करणारे आपल्या व्यवसायबंधूंत अनेक आहेत. महसुली तिकिटांचा संग्रह करणारे मात्र क्वचितच आढळतात. टपाल तिकीट देशोदेशी प्रवास करते, रंगीबेरंगी असते, त्याच्या पहिल्या दिवसाचे लखोटे निघतात. महसुली तिकीट बिचारे पावतीवर, खतावर किंवा दाव्याच्या अर्जावर चिकटते आणि दप्तरात पडून राहते. परंतु राज्यकर्त्यांची सत्ता सामान्य माणसाच्या रोजच्या व्यवहारात नेमकी कोठवर पोहोचली होती, हे पाहावयाचे असेल तर टपाल तिकिटापेक्षा महसुली तिकिटाची साक्ष अधिक विश्वसनीय ठरते. पत्र कोणीही कोठूनही धाडतो. पण ज्याला सरकारच्या न्यायाची गरज भासते, तोच कोर्ट-फीचे तिकीट विकत घेतो.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा या संस्थानांतून वाढलेल्या मराठी कुटुंबांना हा विषय अगदीच परका नाही. या तिन्ही दरबारांची स्वतःची कोर्ट-फी व महसुली तिकिटे होती आणि जुन्या खतपत्रांवर ती आजही दिसतात. प्रस्तुत लेखात मात्र आपण या परिचित प्रदेशाबाहेर, ब्रिटिश हिंदुस्थानच्या वायव्य टोकाला, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या क्वेट्टा या शहराकडे जाणार आहोत. तिकिटाची साक्ष तेथे जितकी स्पष्ट ऐकू येते, तितकी ती फार थोड्या ठिकाणी ऐकू येत असेल.

डोंगरांच्या कोंदणात

क्वेट्टा समुद्रसपाटीपासून सुमारे ५,५०० फूट उंचीवर आहे. उत्तरेस तकातू, ईशान्येस झरगून, पूर्वेस मुरदार आणि नैर्ऋत्येस चिल्तन असे उघडेबोडके, हिवाळ्यात बर्फ पांघरणारे पर्वत त्याच्याभोवती उभे आहेत. ‘क्वेट्टा’ हा शब्द पश्तू भाषेतील किल्ला या अर्थाच्या शब्दावरून आला असे मानतात. गावाचे जुने नाव शाल अथवा शालकोट. येथून आग्नेयेस बोलन घाट उतरून सिंधच्या सपाटीकडे जाता येते, तर वायव्येस खोजक घाट ओलांडून कंदाहारकडे. हिंदुस्थान आणि अफगाणिस्तान यांच्या दरम्यानचे हे दार ज्याच्या हाती, त्याच्या हाती दक्षिणेकडील सारा मार्ग, अशी येथील भूगोलाची रचना आहे.

मराठी वाचकास बलुचिस्तान म्हटले की पानिपताची आठवण होणे स्वाभाविक आहे. १७६१ च्या युद्धानंतर कैद झालेल्या मराठ्यांचे वंशज तेथे असल्याची परंपरा सांगितली जाते. ती परंपरा मुख्यतः डेरा बुगतीच्या परिसराशी निगडित आहे, क्वेट्टा शहराशी नव्हे. या शहराचा महाराष्ट्राशी जो कागदोपत्री संबंध आहे तो निराळा असून त्याचा विचार पुढे येईल.

पहिल्या अफगाण युद्धात १८३९ ते १८४२ या काळात इंग्रजी फौज येथे होती. नंतर ती परत गेली. कायमचे पाऊल पडले ते रॉबर्ट सँडेमन या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत. १८७६ मध्ये मस्तुंग येथे कलातचे खान व त्यांचे सरदार यांच्यात त्याने समेट घडवून आणला आणि १८७७ मध्ये तो बलुचिस्तानात गव्हर्नर जनरलचा पहिला एजंट झाला. १८९२ मध्ये लासबेला येथे मृत्यू येईपर्यंत या प्रदेशाच्या कारभारावर त्याचीच छाप होती.

भाडेपट्ट्यावरचे शहर

क्वेट्टा हे शहर इंग्रजांनी जिंकून घेतले नव्हते, तर भाड्याने घेतले होते, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही. १८८३ मध्ये कलातच्या खानांकडून क्वेट्टा प्रदेश वार्षिक २५,००० रुपये भाड्याने कायमचा घेण्यात आला. बोलन घाटातून जाणाऱ्या मालावर जकात घेण्याचा खानांचा हक्कही वार्षिक ३०,००० रुपयांना सरकारकडे आला. पुढे १८९९ मध्ये नुश्कीसाठी असाच ९,००० रुपयांचा करार झाला.

याउलट शेजारचे पिशीन आणि सिबी हे प्रदेश १८७९ च्या गंदमक तहाने अफगाणिस्तानच्या अमिराकडून आले आणि १८८७ मध्ये ‘ब्रिटिश बलुचिस्तान’ म्हणून अधिकृतपणे साम्राज्यात सामील झाले. परिणाम असा झाला की क्वेट्टा-पिशीन या एकाच जिल्ह्यातील पिशीन हा ब्रिटिश हिंदुस्थान होता, तर खुद्द क्वेट्टा तांत्रिकदृष्ट्या परक्या राज्यातील भाड्याची जमीन होती. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप चालत नसत. ते मुद्दाम लागू करावे लागत. मुद्रांक आणि कोर्ट-फीचे कायदेही याच वाटेने तेथे पोहोचले.

पाठोपाठ रेल्वे आली. १८८७ मध्ये हरनाईच्या मार्गाने लोहमार्ग क्वेट्ट्यास पोहोचला. खोजक घाटाखालचा सुमारे चार किलोमीटर लांबीचा बोगदा पुढील काही वर्षांत पूर्ण झाला. (पाकिस्तानच्या पाच रुपयांच्या नोटेवर १९७६ पासून बरीच वर्षे याच बोगद्याचे चित्र होते.) छावणी वाढली आणि छावणीच्या मागोमाग बाजार वाढला. सिंधी, पंजाबी, पारशी, हजारा, पठाण असे नाना प्रकारचे लोक येऊन वसले. १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४,५८४ भरली. पंचवीस वर्षांपूर्वी जेथे एक मातीचा किल्ला आणि थोडी वस्ती होती, तेथे आता दुकाने, वखारी, कंत्राटे, भाडेकरार आणि अर्थातच तंटे निर्माण झाले होते.

एक आणा आणि आठ आणे

या व्यवहारांना कायद्याची मान्यता मिळत होती ती मुख्यतः दोन अधिनियमांमुळे. पहिला १८७० चा कोर्ट-फी अधिनियम. साध्या अर्जावर एक आणा, फौजदारी फिर्यादीवर आठ आणे, वकीलपत्रावर आठ आणे आणि दिवाणी दाव्यावर त्याच्या किमतीच्या प्रमाणात, अशी त्याची ठेवण होती. दुसरा १८९९ चा भारतीय मुद्रांक अधिनियम. त्यानुसार वीस रुपयांहून अधिक रकमेच्या पावतीवर एक आण्याचे तिकीट लावून त्यावर आडवी सही करणे आवश्यक होते. पुढे या मर्यादा बदलत गेल्या. आपण आज दवाखान्यात ५,००० रुपयांहून अधिक रकमेच्या पावतीवर जे एक रुपयाचे तिकीट लावतो, ते त्याच एक आण्याच्या तिकिटाचे थेट वंशज होय. १९०६ मध्ये सातव्या एडवर्डच्या अर्ध्या व एक आण्याच्या तिकिटांवर ‘टपाल आणि महसूल’ असे दोन्ही शब्द छापले गेले. तेव्हापासून एकच तिकीट पत्रावरही चालू लागले आणि पावतीवरही.

ही दोन्ही प्रकारची तिकिटे रद्द करण्याच्या पद्धती वेगवेगळ्या होत्या आणि संग्राहकाला त्यातून बरेच काही कळते. पावतीवरील तिकीट लावणाऱ्याने स्वतःच त्यावर नाव किंवा आद्याक्षरे व तारीख लिहून रद्द करावयाचे असे. कोर्ट-फीच्या तिकिटाबाबत मात्र १८७० च्या अधिनियमाचे तिसावे कलम सांगते की अधिकाऱ्याने त्यावरील मुखचित्र पंचने कापून काढावे, किमतीचा आकडा मात्र शाबूत ठेवावा आणि कापलेला तुकडा जाळून टाकावा. त्यामुळे जुन्या दाव्यांच्या कागदांवर राणीचा किंवा राजाचा चेहरा नाहीसा झालेला आणि रुपये-आणे तेवढे जसेच्या तसे राहिलेले दिसतात. उद्देश एवढाच की तेच तिकीट कोणी पुन्हा वापरू नये. तरीही सार्वभौमाचा चेहरा कायद्यानेच काढून टाकावा आणि वसुलीचा आकडा जपावा, हा योगायोग वसाहतीच्या कारभारावर बरेच भाष्य करून जातो.

तिकीट नसेल तर काय होई? मुद्रांक अधिनियमाच्या पस्तिसाव्या कलमानुसार असा कागद पुराव्यात घेता येत नसे. बहुतेक कागद दंड भरून दुरुस्त करता येत. परंतु वचनचिठ्ठीला ही सवलत नव्हती. हजार रुपयांचे कर्ज दिलेल्या सावकाराने दोन-चार आण्यांचे तिकीट लावण्यात हयगय केली, तर ती वचनचिठ्ठी न्यायालयात रद्दी ठरत असे. म्हणून बाजारातील धूर्त माणूस शब्दापेक्षा तिकिटाकडे आधी पाहत असे.

आणखी एक तरतूद क्वेट्ट्यासारख्या लष्करी गावाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. शिपायांनी पगाराबद्दल दिलेल्या पावत्यांना मुद्रांकातून सूट होती. म्हणजे शहरात फौज मोठी असली तरी पगाराच्या पावत्यांवर शिपायांच्या सह्यांची तिकिटे सापडणार नाहीत. सापडतील ती त्या फौजेला धान्य, कापड, सरपण आणि घोड्यांचा दाणा पुरवणाऱ्या दुकानदारांची. क्वेट्ट्याचा लष्करी इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. तिकिटांनी जपला आहे तो बाजाराचा इतिहास.

दोन न्याय

बाजारापलीकडे, डोंगरांच्या उतरणीवर, हे तिकीट थांबत होते. सँडेमनने जी पद्धत रूढ केली तिचा गाभाच असा होता की टोळ्यांचा कारभार त्यांच्या सरदारांमार्फत आणि त्यांच्या जिरग्यामार्फत चालावा. जिरगा म्हणजे प्रतिष्ठित वडीलधाऱ्यांची पंचायत. सरदारांना सरकारकडून तनखा मिळे. रस्त्यांची व घाटांची राखण टोळ्यांतूनच भरती केलेल्या लेव्ही शिपायांकडे असे. खून, अपहरण, वैर यांसारखी प्रकरणे सरहद्दीच्या गुन्हेविषयक विनियमान्वये जिरग्याकडे सोपवली जात. तेथे वकिलाला जागा नव्हती आणि नेहमीच्या अर्थाने अपीलही नव्हते. खुनाच्या बदल्यात फाशीपेक्षा नुकसानभरपाई ठरवून वैर मिटवण्याकडे ओढा असे आणि त्या भरपाईत कित्येकदा मुलींचे विवाहही मोजले जात.

म्हणजे एकाच डोंगरवाटीत दोन न्याय नांदत होते. बाजारातील दुकानदार आठ आण्यांचे तिकीट लावून वकिलामार्फत न्यायालयात जात होता. मैलभर अंतरावरील टोळीवाला जिरग्यापुढे शपथ घेत होता. पहिल्या न्यायाला पैसा लागे, वेळ लागे, पण त्याचा कागद उरे आणि वरच्या न्यायालयात दादही मागता येई. दुसरा झटपट आणि स्वस्त होता, पण दुर्बलाच्या हाती त्यातून काही पुरावा उरत नसे. इंग्रजांनी हा दुसरा न्याय परंपरेचा आदर म्हणून राखला असे ते सांगत. परंतु तो राखण्यात खर्च कमी आणि जबाबदारीही कमी होती, हे विसरता येत नाही. नकाशावर सारा बलुचिस्तान एकाच रंगात रंगवलेला असला तरी नागरी कायद्याचे राज्य प्रत्यक्षात तिकीट विकले जात होते तेवढ्याच टापूत होते. तिकिटाची हद्द हीच कायद्याची खरी हद्द होती.

देवळाली आणि नाशिक

आता महाराष्ट्राच्या संबंधाविषयी. क्वेट्ट्याचे नाव जगभरच्या लष्करी वर्तुळात पोहोचले ते तेथील स्टाफ कॉलेजमुळे. हे महाविद्यालय १९०५ मध्ये सुरू झाले ते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीस आणि १९०७ मध्ये ते क्वेट्ट्यास हलवण्यात आले. फाळणीनंतर त्याचा भारतीय वाटा निलगिरीतील वेलिंग्टन येथे नव्याने उभा राहिला.

दुसरा धागाही नाशिकचाच आहे. ब्रिटिश हिंदुस्थानची तिकिटे पूर्वी लंडनच्या दे ला रू कंपनीकडून छापून येत. १९२५ मध्ये नाशिक रोड येथे इंडिया सिक्युरिटी प्रेसची स्थापना झाली आणि हे काम क्रमाने देशात आले. गोदाकाठी मराठी कामगारांच्या हातून निघालेला कागद आगगाडीने बोलन घाट चढून क्वेट्ट्याच्या कोषागारात पोहोचू लागला. १९४७ मध्ये पाकिस्तान अस्तित्वात आल्यावर नवे तिकीट तयार होईपर्यंत सहाव्या जॉर्जच्या तिकिटांवरच ‘पाकिस्तान’ हा शब्द छापावा लागला. १ ऑक्टोबर १९४७ रोजी प्रसृत झालेल्या त्या टपाल तिकिटांवरील हा छापही नाशिकच्या मुद्रणालयातच मारला गेला होता. जो देश वेगळा झाला, त्याचे नाव प्रथम त्याच्या तिकिटांवर उमटले ते महाराष्ट्रात!

३१ मे १९३५

या शहराच्या इतिहासातील सर्वांत भीषण रात्र ३१ मे १९३५ ची. पहाटे तीनच्या सुमारास झालेल्या सुमारे ७.७ प्रतीच्या भूकंपाने झोपेत असलेले शहर जमीनदोस्त झाले. मृतांची संख्या तीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत सांगितली जाते. मातीत बांधलेल्या विटांची घरे व जड छपरे यांनी बाजार आणि नागरी वस्तीचा संपूर्ण नाश केला. छावणीचा मोठा भाग तुलनेने वाचला आणि त्यामुळेच फौजेला तत्काळ मदतकार्य हाती घेता आले. कुजणाऱ्या प्रेतांमुळे साथी पसरतील या भीतीने उद्ध्वस्त शहर बंद करण्यात आले आणि वाचलेल्यांना आगगाड्यांनी सिंध व पंजाबात पाठवण्यात आले. महात्मा गांधींनी मदतीसाठी तेथे जाण्याची परवानगी मागितली असता सरकारने ती नाकारली आणि देशभर संताप उसळला.

येथे एका अभियंत्याचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. १९३१ मध्ये बलुचिस्तानात भूकंप झाल्यानंतर एस. एल. कुमार या रेल्वेच्या तरुण अभियंत्याने भूकंप सोसू शकतील अशी कर्मचाऱ्यांची घरे क्वेट्ट्यात उभारली होती आणि १९३३ मध्ये त्यामागचे शास्त्रही प्रसिद्ध केले होते. १९३५ च्या धक्क्यात ती घरे टिकली. विटांच्या भिंतीत उभ्या लोखंडी सळ्या बसवण्याच्या एका पद्धतीस आजही ‘क्वेट्टा बाँड’ म्हणतात. प्रतिबंध हा उपचारापेक्षा श्रेष्ठ, हे आपल्या शास्त्राचे तत्त्व त्या घरांनी विटांत लिहून दाखवले.

ढिगारे उपसण्याचे काम पुढे पहाऱ्याखाली दीर्घकाळ चालले. ज्या शहरात गल्ल्यांच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या आणि कित्येक घरांतील एकही माणूस उरला नव्हता, तेथे मालक कोण, वारस कोण, कोणाचे कोणाकडे किती येणे, हे सांगणार तरी कोण? साक्षीदारच ढिगाऱ्याखाली होते. जबानीवर चालणारा न्याय अशा वेळी मुका होतो. ज्याच्या हाती तिकीट लावलेली पावती, नोंदवलेले खत किंवा वचनचिठ्ठी उरली, त्याच्याच दाव्याला उभे राहण्यासाठी जमीन होती. एरवी जाचक वाटणारा एक आण्याचा कर त्या दिवसानंतर विधवेच्या आणि अनाथाच्या बाजूचा पुरावा ठरू शकत होता. वसाहतीच्या राज्याने तिकीट काढले ते वसुलीसाठी. लोकांच्या उपयोगी ते पडले ते मात्र स्मृती म्हणून.

१९४७ आणि त्यानंतर

शहरातील दोन न्यायांची रचना शेवटच्या निर्णयातही दिसून आली. जून १९४७ च्या अखेरीस बलुचिस्तानचे भवितव्य ठरवण्यासाठी सार्वत्रिक मतदान झाले नाही. शाही जिरगा आणि क्वेट्टा नगरपालिकेचे बिनसरकारी सभासद यांचे मत घेण्यात आले आणि कौल पाकिस्तानच्या बाजूने लागला. एका बाजूस टोळ्यांची पंचायत, दुसऱ्या बाजूस बाजाराची नगरपालिका, अशीच ती जुनी विभागणी होती. भाडेपट्ट्याने दिलेले प्रदेश परत मिळावेत असे कलातच्या खानांचे म्हणणे होते, परंतु मार्च १९४८ मध्ये कलातही पाकिस्तानात विलीन झाले. फाळणीच्या काळात शहरातील बहुसंख्य हिंदू व शीख कुटुंबांनी स्थलांतर केले. त्यांच्या पेट्यांतून जी खते आणि पावत्या इकडे आल्या, त्यांवरील तिकिटांची किंमत संपली होती. त्यांवरील नावांची नव्हे.

आज क्वेट्टा ही पाकिस्तानच्या बलुचिस्तान प्रांताची राजधानी आहे. तेथील मुख्य शासकीय रुग्णालयास सँडेमनचे नाव आहे. ८ ऑगस्ट २०१६ रोजी तेथील वकील संघटनेचे अध्यक्ष बिलाल अन्वर कासी यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यांचे शव याच रुग्णालयात आणले असता सहकारी वकील तातडीच्या विभागाबाहेर जमले आणि तेथे आत्मघातकी स्फोट झाला. सत्तरांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुसंख्य वकील होते. शहरातील अनुभवी वकिलांची एक पिढीच एका सकाळी नाहीशी झाली. जे लोक आपल्या अशिलांचे तंटे बंदुकीऐवजी तिकीट लावलेल्या कागदावर सोडवीत होते, नेमके तेच या हल्ल्याचे लक्ष्य ठरले, आणि तेही रुग्णालयाच्या दारात. वैद्यक आणि कायदा हे दोन व्यवसाय किती जवळचे शेजारी आहेत आणि दोन्ही किती नाजूक शांततेवर उभे असतात, याचे याहून विदारक उदाहरण सापडणार नाही.

कागद जपावा

शेवटी संग्राहकांना आणि संग्राहक नसलेल्यांनाही एक विनंती. टपाल तिकीट पाण्यात भिजवून लखोट्यावरून सोडवण्याची सवय आपल्याला बालपणापासून असते. महसुली तिकिटाच्या बाबतीत ती घातक आहे. सुटे केलेले एक आण्याचे तिकीट ढाक्याचे, बेळगावचे की क्वेट्ट्याचे, हे पुष्कळदा सांगता येत नाही. ते बोलते ते कागदावर असेपर्यंतच. कोणी कोणास काय दिले, कोणत्या तारखेस, कोणत्या लिपीत सही केली, सही येत नव्हती म्हणून अंगठा उमटवला का, पंचचे भोक कोठे पडले, हे सारे मिळून त्याचा इतिहास होतो. रुग्णापासून वेगळ्या काढलेल्या लक्षणावरून निदान होत नाही, तसेच हे आहे.

आपल्या समाजातील अनेक घराण्यांची मुळे एका राज्यात आणि शाखा दुसऱ्या राज्यात आहेत. संस्थाने गेली, सीमा बदलल्या, राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली. प्रत्येक वेळी कोठले तरी कागद निरुपयोगी म्हणून बंबात गेले. आजोबांच्या पेटीत होळकर, शिंदे वा गायकवाड सरकारच्या तिकिटांची खते असतील, एखाद्या जुन्या दवाखान्याच्या पावत्या असतील, तर त्या तशाच, कागदासकट जपून ठेवाव्यात आणि शक्य तर एखाद्या ग्रंथालयास दाखवाव्यात. एखाद्या शहराचे काय होईल हे डोंगरांच्या तटबंदीलाही सांगता येत नाही, हे क्वेट्ट्याने दाखवून दिले आहे. मागे उरतो तो पुरावा असा लहानसाच असतो.